खान्देशातून सेवाग्रामची बापू कुटी पाहायला जाताना

सेवाग्रामहून आलेल्या माणसाला "काय पाहिलं?" असं विचारलं की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं : "शांत आहे, छान आहे, पण बघण्यासारखं फार काही नाही." शेगावला दर्शन घ्यायचं, तसंच पुढे वर्ध्यापर्यंत गाडी दामटायची, तासाभरात गांधीजींचा आश्रम उरकायचा आणि रात्रीपर्यंत जळगाव गाठायचं, असा बेत केला तर दुसरं उत्तर येणारही नाही. तिथल्या घरांमध्ये वस्तू खरोखरच मोजक्या आहेत. आधी थोडी माहिती घेऊन गेलं आणि हाताशी वेळ ठेवला, तरच त्या घरांशी ओळख होते.

आमच्या भागातले शिक्षक, बचत गटाच्या बाया, नात्यातली म्हातारी माणसं अशा मंडळींना मी तिकडे घेऊन जात असतो. दरवेळी निघण्याआधी फोनवर तेच प्रश्न येतात : उतरायचं कुठे, मुक्काम करायचा का, आधार कार्ड लागतं का, म्हातारीला झेपेल का. सगळ्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो.

१. आधी शेगाव आणि सेवाग्राम वेगळं करा

हसू नका. खान्देशातल्या माणसाच्या तोंडी शेगाव इतकं बसलेलं आहे की सेवाग्रामचं निघालं तरी घरातलं कुणीतरी "म्हणजे गजानन महाराजांच्या पुढे ना?" असं विचारतंच. भुसावळहून नागपूरकडे जाताना मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव आणि मग वर्धा लागतं. सेवाग्रामचा आश्रम वर्धा शहरापासून साधारण ८ किलोमीटरवर आहे.

हा घोळ आजचा नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावात राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. त्यांची टपाल-तारा शेगावला जाऊन पडू लागल्या, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. तेव्हा तुमच्या आजीने शेगाव म्हटलं तर तिला बोलू नका, पोस्टखात्याचीही हीच गत झाली होती.

एकाच दिवसात दोन्ही गावं करायची नाहीत. शेगाव जोडायचंच असेल तर परतीच्या दिवशी जोडा. जाताना जोडलं की रांगेत किती वेळ जाईल याचा अंदाज येत नाही, आणि मग दुपारी उशिरा, पाय दुखत असताना तुम्ही बापू कुटीच्या दारात उभे राहता.

२. कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात जाऊ नका. "आम्ही भुसावळचे, आम्हाला ऊन काय सांगता!" असं म्हणणारे भेटतात, पण इथे आवारात एका कुटीतून दुसरीकडे जाताना उघड्यावरून चालावं लागतं आणि प्रत्येक दारात चपला काढाव्या लागतात. मे महिन्यात ती जमीन तुमचं भुसावळपण विसरायला लावते. पावसाळा सुंदर असतो. कौलं भिजलेली, झाडं दाट. फक्त चिखलाची तयारी हवी.

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला कार्यक्रम असतात, पाहुणे आणि शाळांच्या सहली येतात. तो सोहळा बघायचा असेल तर त्या दिवशी जा. घर बघायचं असेल तर मधला एखादा साधा वार निवडा.

३. गाडी, स्टेशन आणि मध्यरात्रीची तारीख

भुसावळ ते वर्धा रेल्वेने सुमारे ३१५ किलोमीटर. एक्सप्रेसने साधारण पाच तास धरा. मुंबई–नागपूर मार्गावरच्या बऱ्याच गाड्या जळगाव-भुसावळवरून जातात : सेवाग्राम एक्सप्रेस, विदर्भ एक्सप्रेस, आणि चाळीसगाव-पाचोऱ्याकडच्यांना सोयीची महाराष्ट्र एक्सप्रेस. नंदुरबार-अमळनेर भागातल्यांसाठी सुरत मार्गाने येणारी नवजीवन एक्सप्रेस आहे. ती जळगाव, भुसावळ करत वर्ध्याला जाते आणि तिथून दक्षिणेकडे वळते. धुळेकरांनी एसटीने जळगाव गाठलेलं बरं. वेळा बदलत राहतात, त्यामुळे त्या रेल्वेच्या अॅपवरच पाहा.

आता इथले तीन सापळे.

पहिला तारखेचा. मुंबईहून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्या आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर येतात. शनिवारी पहाटे एकची गाडी म्हणजे तिकीट शनिवारच्या तारखेचं आणि स्टेशनवर जायचं शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर. शनिवारी रात्री बॅगा घेऊन फलाटावर पोचलेली कुटुंबं दर सुट्टीत दिसतात. गाडी त्या दिवशी पहाटेच निघून गेलेली असते. गटाचं तिकीट काढत असाल तर सगळ्यांना निरोप देताना "शुक्रवारी रात्री अकराला स्टेशनवर" असंच लिहा, नुसती तारीख लिहू नका.

दुसरा स्टेशनचा. वर्धा जंक्शन वेगळं आणि सेवाग्राम जंक्शन वेगळं. सेवाग्राम स्टेशनचं जुनं नाव वर्धा पूर्व, आणि दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. आपल्याकडून जाताना तिकीट वर्ध्याचं काढा. शहरात उतरता, बसस्थानक जवळ, रिक्षा मुबलक. "सेवाग्राम" नावाच्या स्टेशनवर उतरलं म्हणजे समोर आश्रम, असं काही नाही. तिथूनही वाहन करावं लागतंच.

तिसरा रिक्षाचा. स्टेशनबाहेर "तीन तासांत पाच ठिकाणं" असा सौदा सांगितला जातो. त्यात सेवाग्रामच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो. फक्त आश्रमापर्यंतचं भाडं ठरवा आणि रिक्षा सोडून द्या. परतायला एसटी असते, शेअर रिक्षाही मिळतात. तिथेच मोठं वैद्यकीय महाविद्यालय आणि कस्तुरबा रुग्णालय असल्यामुळे त्या रस्त्याला रहदारी कायम असते.

४. सोबत काय घ्यायचं

- प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र. मुक्काम करायचा असेल तर खोली घेताना लागतं. शाळेची सहल असेल तर मुलांची यादी शाळेच्या शिक्क्यासह आणि सोबतच्या शिक्षकांची ओळखपत्रं.
- एसटीच्या सवलतीसाठी वयाचा पुरावा. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा "आजोबांचं तिकीट अर्ध्यात" असा हिशेब करून बजेट मांडू नका.
- सहज निघणाऱ्या चपला. लेस बांधायचे बूट घालून येणारा माणूस तिसऱ्या कुटीपासून दाराबाहेरूनच डोकावतो.
- पाण्याची बाटली, टोपी किंवा उपरणं, म्हाताऱ्या माणसांसाठी घडीचं छोटं स्टूल. कुट्यांमध्ये बसायचं ते जमिनीवर, आणि गुडघे सगळ्यांचेच ऐकत नाहीत.
- सुटे पैसे. आश्रम पाहायला तिकीट नाही, पण खादी आणि पुस्तकं घ्यावीशी वाटतात.
- प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. यावर मी काही शिकवायला नको.

काय घेऊ नये तेही सांगतो : बाटली. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. "कुणाला कळतंय" म्हणून बॅगेत टाकून आणणारा एखादा पाहुणा प्रत्येक गटात असतो. त्याला जळगावलाच सांगून ठेवा.

५. निघण्याआधी : आपल्या जिल्ह्यांतून तीन तारखा घेऊन जा

ही पायरी लोक गाळतात, आणि परत येऊन "बघण्यासारखं काही नाही" म्हणणारेही बहुधा तेच असतात.

जमलं तर आधी एक दिवस काढून जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ पाहा. मार्च २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. तिथे गांधीजींचं आयुष्य जन्मापासून ओळीने, चित्रं-आवाज-फिती यांसह मांडलेलं आहे. गोष्ट तिथे कळते, घर सेवाग्रामला दिसतं. उलट्या क्रमाने गेलात तर दोन्हींतली मजा अर्धी होते.

तेवढाही वेळ नसेल तर आपल्या मातीतल्या या तारखा मुलांना सांगा.

१९३२, धुळे. तिथल्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. हे विनोबा पुढे पवनारला राहत, सेवाग्रामपासून थोड्याच अंतरावर.

१९३६, फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर महिना, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शहरात मंडप घालायचे नाहीत, खेड्यात भरवा आणि खेड्यातल्याच सामानाने उभारा, हा आग्रह गांधीजींचा. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू-चटयांचं टिळकनगर सजवलं. आता सेगावची तारीख शेजारी ठेवा : एप्रिल १९३६. म्हणजे गांधीजी सेगावात माती-बांबूच्या घरात राहायला गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फैजपुरात बांबूचं नगर उभं राहिलं. फैजपूरचं ते नगर अधिवेशनाबरोबर उठलं. यावल-रावेरकडच्या माणसाला ते कसं दिसत असेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर त्याच वर्षी त्याच विचाराने बांधलेलं घर सेवाग्रामला अजून उभं आहे. माझ्या मते खान्देशी माणसाने तिथे जायला हे एक कारण पुरेसं आहे.

१९४२, नंदुरबार. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. ८ ऑगस्टला तो मुंबईत मंजूर झाला आणि ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी गोळीबारात पडले. वर्ध्याचा कागद नंदुरबारच्या चौकात यायला दोन महिनेही लागले नाहीत. नंदुरबारच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाने तर ही ओळ गाडीतच सांगून ठेवावी.

६. आत गेल्यावर : पायवाटेने नको, काळाच्या क्रमाने

आवार मोठं आहे, झाडी चांगली आहे, आणि पाय आपोआप पहिल्या दिसेल त्या दाराकडे वळतात. तसं करू नका. सकाळी लवकर या आणि पुढच्या क्रमाने फिरा.

आधी आदि निवास. आश्रमातली पहिली वास्तू हीच. गांधीजींची अट होती की घराला पाचशे रुपयांच्या वर खर्च नको, सामान आसपासचं हवं आणि मजूर गावातलेच हवेत. जमीन वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांची. सुरुवातीला सगळे एकाच छताखाली राहत : गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, येणारे-जाणारे पाहुणे. इथे भिंतीला टेकून पाच मिनिटं बसा आणि सोबतच्या म्हाताऱ्या बायांना बोलू द्या. एका बाईने तिथे बसून पहिलाच प्रश्न विचारला होता, "मग बा कपडे कुठे बदलत?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पुढची पायरी, बा कुटी. एवढ्या पुरुषमंडळींच्या गर्दीत कस्तुरबांची कुचंबणा होत होती. जमनालालजींनी ती ओळखली आणि त्यांच्यासाठी वेगळी छोटी कुटी बांधून दिली. लोक इथे सर्वांत कमी थांबतात. तुम्ही थांबा. कुटीचा आकार बघा, आणि त्यांना ती मिळाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती हेही ध्यानात घ्या.

मग बापू कुटी. ही मुळात गांधीजींसाठी बांधलेलीच नव्हती. मीराबहेन, म्हणजे ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची मुलगी मॅडेलिन स्लेड, यांनी ती स्वतःसाठी बांधून घेतली होती. आदि निवासात गर्दी वाढली तसे गांधीजी इकडे आले. भिंती मातीच्या, वर कौलं, आत बांबू आणि चटया. मातीच्या भिंतीवर मीराबहेननी उठावात ताडाची झाडं आणि चरखा काढला आहे. आपल्याकडे जुन्या घरांत कणगीवर, चुलीच्या भिंतीवर बायका हाताने असंच काढायच्या, त्यामुळे आमच्या बाया इथे बराच वेळ रेंगाळतात आणि "माती कशात कालवली असंल" यावर चर्चा करतात. करू द्या. कुठल्याही माहितीफलकापेक्षा त्या चर्चेतून घर जास्त कळतं.

आत बसायची गादी, टेकायची फळी, बुटकं मेज, कागदांवर ठेवायचे दगड, तीन माकडं. शेजारच्या भागात आजारी माणसासाठी जागा. न्हाणीघरही बघा. या माणसाचा स्वच्छतेचा आग्रह भाषणापुरता नव्हता, हे तिथे कळतं. सात सामाजिक पातकांचा फलकही लावलेला आहे. तत्त्वाविना राजकारण, श्रमाविना संपत्ती असा तो क्रम गांधीजींनी १९२५ साली "यंग इंडिया"त छापला होता. मुलांना तो वहीत उतरवायला लावायची शिक्षकांना भारी हौस. माझा सल्ला : लिहायचं बाहेर, झाडाखाली. आत वहीत डोकं घातलं की घर बघायचं राहून जातं.

त्यानंतर दफ्तर. इथला टेलिफोन चुकवू नका. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, दिल्लीहून गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला गेला. ज्या माणसाला सरकार तुरुंगात टाकत होतं, त्याच्या कौलारू घरापर्यंत सरकारच तार ओढत होतं. मुलांना मात्र फोनपेक्षा साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा जास्त आवडतो. शिवारात साप फार, मारायचे तर नव्हते, म्हणून पकडून दूर सोडत. शेतकरी घरातली मुलं यावर हमखास वाद घालतात, "नाग निघाला तरी?" वाद घालू द्यावा. अहिंसेवर मी ऐकलेल्या व्याख्यानांपेक्षा तो बरा असतो.

महादेव कुटी म्हणजे महादेवभाई देसाई यांचं घर, गांधीजींचे सचिव. सुरुवातीच्या दिवसांत ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि कामासाठी रोज सेगावला चालत येत, चालतच परत जात, विदर्भातल्या उन्हाळ्यातसुद्धा. पलीकडे गांधीजींचे सहकारी किशोरलाल मशरूवाला यांचं किशोर निवास आहे, ते धावतं पाहिलं तरी चालेल.

परचुरे कुटी मात्र धावती पाहू नका. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग होता. गांधीजींची आणि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. ते आश्रमात आले तेव्हा त्यांना ठेवून घ्यायचं की नाही हा साधा प्रश्न नव्हता, कारण आवारात मुलंबाळं होती, माणसांच्या मनात भीती होती. त्यांना ठेवून घेतलं, कुटी बांधली, आणि गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला तेल चोळत. आपल्या गावांत या रोगाची माणसं कुठे ठेवली जायची हे पन्नाशीपुढच्या कुणालाही आठवत असेल. इथे आल्यावर म्हातारी माणसं आपणहून त्या आठवणी सांगतात.

शेवटी आखरी निवास. तिथे जाण्याआधी पुन्हा बा कुटी आणि महादेव कुटीकडे एकदा वळून बघा. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी इथून मुंबईला निघाले. बा आणि महादेवभाई दोघंही त्यांच्यासोबत त्या लढ्यात होते. ९ ऑगस्टला अटक झाली. १५ ऑगस्टला महादेवभाई पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा तिथेच गेल्या. गांधीजी सुटून १९४४ साली सेवाग्रामला परतले तेव्हा या दोन कुट्या होत्या, माणसं नव्हती. आखरी निवासातून ऑगस्ट १९४६ मध्ये ते दिल्लीकडे गेले, पुढे नोआखाली, बिहार, पुन्हा दिल्ली. सेवाग्रामला परत येणं झालंच नाही.

एवढं सगळं नीट पाहायला अर्धा दिवस लागतो. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबायचं असेल तर पूर्ण दिवस धरा. प्रार्थना उघड्यावर, झाडाखालच्या मैदानात, सगळ्या धर्मांची असते. शेजारचा पिंपळ गांधीजींच्या हातचा. कार्यक्रम बघायला म्हणून येऊ नका, बसायला या. वेळ ऋतूनुसार सरकते, सकाळीच कार्यकर्त्यांना विचारून ठेवा.

७. घरात कसं वागायचं

चपला बाहेर. आवाज हळू. भिंतींना हात लावू नका, माती झडते. कुटीच्या आत फोटो काढण्याआधी कार्यकर्त्यांना विचारा, नाही म्हणाले तर वाद नको. त्यांची सावधगिरी उगीच नाही : गांधीजींचा गोल चष्मा याच आश्रमातून चोरीला गेला, आणि ती गोष्ट २०११ साली उघडकीला आली.

सहलीच्या मुलांना पन्नास-पन्नासच्या झुंडीने कुटीत सोडू नका. दहा-पंधराचे गट करा, बाकीचे झाडाखाली. घोषणा द्यायच्या असतील तर फाटकाबाहेर.

८. मुक्काम आणि जेवण

आश्रमासमोर यात्री निवास आहे. खोल्या साध्या, स्वच्छ. गट मोठा असेल तर आधी कळवून ठेवा, सणासुदीला आणि शिबिरांच्या दिवसांत जागा नसते. टीव्ही, एसी, रात्री अकराला चहा असल्या अपेक्षा असतील तर वर्धा शहरात राहा, तिथे हॉटेलं आहेत. जेवणही साधंच, तिखट बेताचं. आमच्याकडच्या माणसाला दुसऱ्या घासाला ठेचा आठवतो. छोटी बरणी सोबत ठेवली तर कुणी अडवत नाही.

९. दुसरा दिवस असेल तर

वर्ध्यात मगन संग्रहालय पाहा. गांधीजींच्याच हस्ते १९३८ साली सुरू झालेलं, खादी आणि ग्रामोद्योगांना वाहिलेलं. वेगवेगळ्या घडणीचे चरखे आणि अवजारं बघताना शेतकरी आणि सुतारकाम करणारी माणसं रमतात. तिथल्या लक्ष्मीनारायण मंदिराकडेही जा. जमनालाल बजाज यांनी ते १९२८ मध्येच सर्व जातींना खुलं केलं. साने गुरुजींना पंढरपूरच्या मंदिरासाठी १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. अमळनेरच्या मंडळींना मधली ही एकोणीस वर्षं मोजून दाखवा.

नंतर पवनार. नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा इथूनच उभे राहिले. खोदकामात सापडलेलं भरत-राम भेटीचं शिल्प इथे आहे. १९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिर चालतं, ते चालवतात तिथेच राहणाऱ्या साधक बहिणी. धुळ्याच्या तुरुंगातली प्रवचनं ज्यांना माहीत आहेत त्यांना इथे वेगळं काही समजवावं लागत नाही. नदीत उतरायचा मोह मुलांना होतो. घाटावर खडक निसरडे आहेत, पावसाळ्यात तर सक्त मनाई करा.

१०. परतीचं तिकीट काढताना

वर्ध्याहून संध्याकाळी-रात्री निघणाऱ्या गाड्या पुन्हा आपल्याकडे अडनिड्या वेळीच येतात, म्हणून तिकीट काढण्याआधी उतरल्यावर घरी कसं जायचं ते ठरवा. यावल, रावेर, फैजपूरकडच्यांनी भुसावळला उतरावं. धुळे, पारोळा, एरंडोलकडच्यांनी जळगावला. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडच्यांनी शक्यतो सुरत मार्गाची थेट गाडी घ्यावी, नाहीतर भुसावळ किंवा जळगावच्या फलाटावर पहाटेपर्यंत बसायची तयारी ठेवावी. मध्यरात्रीनंतर एसटी मिळेलच असं धरून चालू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर दुपारची गाडी घेऊन अंधार पडायच्या सुमारास उतरणं सगळ्यांत बरं, त्यासाठी पवनार सकाळी लवकर उरकावं लागलं तरी. आणि इथेही तारखेचा तोच नियम : मध्यरात्र उलटून वर्ध्यावरून सुटणारी गाडी असेल, तर तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख हवी.